एकहाती

त्या वर्षी उन्हाळा हलायलाच तयार नव्हता. ओढ्याकाठचं गवत पिवळं पडलं, मग राखाडी झालं, मग नुसती मुळं उरली. जनावरं तीही जिभेनं ओढून काढायला लागली. कडब्याची गंजी मी रोज सकाळी डोळ्यांनी मापायची आणि रोज ती कालच्यापेक्षा लहान दिसायची. नवरा मापत नव्हता. तो फक्त कुट्टीच्या यंत्रात घालताना पेंढी अर्धी करायला लागला होता. दावणीला सात म्हशी. अर्ध्या पेंढीवर म्हैस दूध देत नाही, नुसती बघत राहते.

शेवटी एका सकाळी धार काढता काढता, मान वर न करता तो म्हणाला, "तीन काढू या."

"कुठल्या?"

"मागच्या दोन. आणि भुरी."

भुरी म्हणताना त्याचा हात थांबला नाही, म्हणजे त्यानं आधीच ठरवलं होतं. भुरी सगळ्यांत दुभती. तिच्या जोरावरच बाकीच्या दोघींना गिऱ्हाईक मिळणार होतं.

चिमी त्या वेळी भुरीच्या मानेपाशी उभी होती. चिमी माझी मुलगी. जन्मली तेव्हा चिमणीएवढी होती, म्हणून माझ्या नणंदेनं पाडलेलं नाव. आता ती माझ्याहून वीतभर उंच आहे आणि दारातून जाताना खांदा तिरका करते. त्याच्या पुढच्या महिन्यात तिला अठरा पूर्ण होणार होती. डावा हात कोपरात दुमडलेला, बोटं तळव्यात मिटलेली. शब्द मोजके, तेही आम्हालाच कळतील असे. ती लहान असताना डॉक्टर म्हणाले होते, बुद्धीनं ही चार वर्षांच्या मुलीएवढीच राहील. ते बोलून मोकळे झाले, मी तेच धरून बसले. मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली, चार वर्षांच्या मुलीची करतात तसं सगळं केलं. पण चार वर्षांच्या मुलीला पाळी येत नाही. ती आरशासमोर उभी राहून केस एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर घेऊन बघत नाही. अलीकडं अंघोळीच्या वेळी ती मला पाठ करून उभी राहायची. मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं. एका अंगात दोन वयं कशी नांदतात, हे त्या पुस्तकांत कुठं आलं नव्हतं.

मोठा गोठा आमच्यापासून ओढा आणि डांबरी रस्ता ओलांडून पलीकडे. पत्र्याचं लांबलचक छप्पर, खाली चाळीसेक जनावरं, धारा यंत्रानं. मालक स्वतः आले, बरोबर लांब्या म्हणून ओळखला जाणारा त्यांचा गडी. व्यवहार सरळ होता. तीन म्हशी त्यांच्या, ट्रकभर कडबा आमचा. लांब्यानं भुरीची कास चाचपली, सड ओढून बघितले, मग बसून धार काढली. भुरीनं लगेच पान्हा सोडला, फेस कासंडीच्या काठाशी आला, मालकांनी मान हलवली. चिमी तिच्या जागेवर होती. भुरीच्या मानेला कपाळ टेकवून घशातल्या घशात घुमत होती, रोज घुमते तशी. आमच्या गोठ्यात तो आवाज कुट्टीच्या यंत्रासारखा झालाय. कायम असतो, म्हणून कुणाला ऐकू येत नाही.

म्हशी टेंपोत चढवताना चिमीनंच भुरीचं दावं धरलं होतं. फळी लावली तेव्हा लांब्यानं दावं तिच्या मुठीतून सोडवून घेतलं. ती रडली नाही. टेंपो वळणावर गेला तरी मूठ तशीच होती. तिला कळलं की नाही, ते मला कळलं नाही.

चौथ्या दिवशी मालकांची मोटरसायकल अंगणात आली. उतरलेसुद्धा नाहीत, पाय टेकून तिथूनच बोलले.

"पाहुणे, एकहाती म्हैस गळ्यात मारलीत आमच्या."

एकहाती म्हणजे एकाच माणसाच्या हाताला दूध देणारी. असं जनावर न सांगता विकलं तर चार माणसांत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"एकहाती?" नवरा म्हणाला. "मी पिळतो, ही पिळते, बहीण पिळते. त्या दिवशी तुमच्या गड्यानं पिळली. चार माणसं झाली. एकहाती कशी?"

"मग पान्हा चोरतेय. यंत्र लावलं की लाथ, हातानं बसलं की लाथ. कास दगड झालीय. लांब्याच्या मांडीवर खूर उमटलाय, दाखवायला आणू का त्याला? म्हैस घ्या माघारी आणि कडबा द्या."

कडबा निम्मा कापून झाला होता. वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, तिचा नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. ती शेणाची पाटी कमरेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "खाल्लेला कडबा हा असा आहे बघा पाटीत. नेता का?"

मालक हसले नाहीत. नवरा मात्र कानापर्यंत लाल झाला. तो खोटं बोलणारा माणूस नाही, आणि आपण खोटं ठरलो कसे हेच त्याला उमगत नव्हतं.

तो त्याच पावली गेला. तासाभरानं लंगडत परत आला. संध्याकाळी वन्सं गेली. भुरीनं तिची कासंडी उलथून टाकली, पण थेंब दिला नाही. वन्संनं येताना वाटभर म्हशीच्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. घरी चिमीजवळ थांबायला कुणी नव्हतं, म्हणून तिला बरोबर घेतलं, एवढंच.

भुरी ओळखू येईना. डोळे कोरडे, नाकपुड्या फुललेल्या, कास ताणून चकचकीत झालेली. मी गरम पाण्यानं कास शेकली, खोबरेल चोळलं, खाली बसले. सड हातात घेतले की तिच्या अंगावरून एक शिरशिरी जायची आणि सगळं आत ओढलं जायचं. मालक, त्यांची बायको, लांब्या, सगळे बाजूला हाताची घडी घालून उभे. नापास झालेल्या मुलीसारखी मी खाली मान घालून ओढत होते.

चिमी गव्हाणीत चढली. कुणी अडवायच्या आत ती भुरीच्या डोक्याशी पोचली, मानेच्या खोबणीत कपाळ ठेवलं आणि घुमायला लागली. माझ्या हातातला सड गरम झाला. मी दाबायच्या आधी धार आली.

"अरे तिच्या," लांब्या म्हणाला.

मी वर बघितलंच नाही. कासंडी भरत होती आणि मला लाज वाटत होती. आम्ही सगळी मोजली होती, नवरा, मी, वन्सं. चिमीला मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

*

त्या दिवसापासून फेऱ्या सुरू झाल्या. भुरी इथं रुळेपर्यंत पोरीला दोन्ही धारांना आणा, असं ठरलं. ठरलं म्हणजे मालक बोलले आणि नवऱ्यानं मान डोलावली. पहाटे तोंड धुवायच्या आत मी चिमीला उठवायची, तिच्या अंगात कपडे घालायची, तिचा चांगला हात धरून ओढा उतरायची. वाळूत तिचा पाय रुतायचा. डांबरी रस्त्यावर गाडीचा दिवा दिसला की ती जागच्या जागी उभी राहायची आणि मग तिला हलवणं म्हणजे खांब हलवणं. इकडं आमच्या उरलेल्या चार म्हशी माझ्या हाताची वाट बघत रेकायच्या. नवरा आणि वन्सं त्यांना पिळायचे, पण म्हशींना वेळ बदललेली आवडत नाही, हात बदललेला तर त्याहून नाही. दूध कमी झालं. मग वन्संची कंबर धरली. ती अंथरुणावर पडून सूचना देऊ लागली आणि नवरा सूचना ऐकून चिडू लागला.

"तिला तिथं सोडून ये," तो म्हणाला. "धार होईपर्यंत थांबायचं काय कारण?"

"एकटीला?"

"चाळीस म्हशी आहेत की सोबतीला."

मालकिणीनंही तेच सांगितलं. ती माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल. आवाज जाड, हात कोपरापर्यंत कायम ओले. "सोडून जा गं. खाऊन टाकत नाही आम्ही कुणाला."

सोडून गेले. गेले म्हणजे फाटकाबाहेर जाऊन वळसा घालून कडब्याच्या थप्पीमागं उभी राहिले. आत लांब्या चिमीला म्हणत होता, "काय मॅनेजर, आज उशीर?" चिमी हसली. लांब्याही हसला. मग चिमीचा पाय पेंडीच्या बादलीला लागला, बादली आडवी झाली, पेंड शेणात गेली. लांब्या म्हणाला, "शाब्बास मॅनेजर. अशीच भरभराट करा आमची." चिमी परत हसली, पुढं वाकून, चांगला हात मांडीवर आपटत. तो थट्टा करत होता की टिंगल? ती त्याच्याबरोबर हसत होती की तो हसला म्हणून? मी थप्पीमागं उभी राहून त्याच्या आवाजातला प्रत्येक चढउतार ऐकत होते. कडब्याचं पान गालाला टोचत होतं. शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मला कोण मॅनेजर म्हणालं असतं तर मी पण हसलो असतो."

"तुम्ही हसला असतात ते कळून."

"आणि ती?"

"तेच तर कळत नाही."

"मग मी तरी काय सांगू?" तो म्हणाला आणि घमेलं उचलून बाहेर गेला.

मला घोर होता तो वेगळाच. ती त्या छपराखाली बायाबापड्यांत असेल की गड्यांत? तिला लघवी लागली तर ती कुणाला सांगेल? तिचा शब्द त्यांना कळेल? अंगावरचा कपडा वर गेला तर खाली करायचं तिच्या लक्षात येत नाही. हे सगळं मी मालकिणीला सांगायचं ठरवायची आणि समोर गेल्यावर "पाणी पाजा तिला मधे" एवढंच सांगून यायची.

एका संध्याकाळी तिला आणायला जायला मला उशीर झाला. आमच्या पारडाचं पोट फुगलं होतं, त्याला फिरवत होते. मोठ्या गोठ्यावर पोचले तर चिमी बाहेरच्या कट्ट्यावर बसलेली. अंगात मोठ्या फुलांचा गाऊन. तो आमचा नव्हता. केस ओले, विंचरून मागं बांधलेले. माझे पाय तिथंच थांबले. मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही.

"कपडे कुठायत तिचे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

मालकीण आतून हात पुसत आली. "दोरीवर वाळत घातलेत. पाळी आली गं तिला. गोठ्यातच. पायावरून ओघळ आला तेव्हा माझं लक्ष गेलं. आत नेलं, पाणी घातलं, कपडा दिला."

"गडी होते?"

"होते. त्यांना म्हटलं तोंडं तिकडं करा, केली. म्हशीचं विणं काढणारी माणसं आहेत ती, त्यांना काय नवल." मग माझ्याकडं बघून तिनं आवाज खाली घेतला. "तिनं आतून कडी लावली होती न्हाणीची. अर्धं स्वतःच केलं. मी बाहेरून सांगत होते."

"कडी?"

"हो. का?"

आमच्या न्हाणीला आतून कडी नाही. मीच काढून टाकली होती, ती लहान असताना, आत अडकू नये म्हणून. मी आभार मानायला हवे होते. माझा जीव भांड्यात पडला होता आणि त्याच वेळी या बाईला धरून गदागदा हलवावं असंही वाटत होतं. माझ्या मुलीनं कडी लावलेली हिनं बघितली होती, मी नाही.

"गाऊन धुऊन देते," मी म्हणाले.

"राहू दे तिलाच. शोभतोय." मग ती म्हणाली, "ऐक. हिला इथंच राहू दे की. म्हणजे राहायलाच. स्वैपाकघराशेजारची खोली मोकळी आहे, माझी म्हातारी मावशी झोपते तिथं, तिच्या सोबतीला होईल. गव्हाणी झाडेल, पाणी सोडेल. जमेल तेवढं. पगार देऊ. तुझी ही दोन वेळची पायपीट तरी वाचेल. आज ना उद्या तिला कुठं तरी टेकायला लागणारच ना?"

"विचारून सांगते," मी म्हणाले.

"नवऱ्याला?"

मी मान हलवली. ती कुठल्या बाजूनं हलली, मलाच ठाऊक नाही.

*

नवरा ऐकून बराच वेळ दावं वळत राहिला. "वाईट काय आहे?" तो म्हणाला.

"ते म्हशीसाठी मागतायत तिला. मुलीसाठी नाही."

"मग? मला कुणी माझ्यासाठी कामाला बोलावलं होतं?"

वन्सं अंथरुणावरून म्हणाली, "वहिनी, तू काय अमरपट्टा बांधून आलीयस? मी आज आडवी आहे, उद्या तू पडशील. मग हिची वेणी कोण घालणार, माझा भाऊ?"

"म्हणून आत्ताच टाकायची?"

"टाकायची कोण म्हणतंय. ओढ्यापलीकडं आहे, सातासमुद्रापलीकडं नाही. तिला विचारा की, तिलाही तोंड आहे."

इथंच खरी गोम होती. चिमीला दोन गोष्टींतलं एक निवडायला सांगितलं की ती शेवटचं जे असेल ते म्हणते. चहा की दूध म्हटलं की दूध. दूध की चहा म्हटलं की चहा. घरात ही गंमत झालेली आहे, वन्सं पाहुण्यांसमोर करून दाखवते. आजवर त्यानं काही बिघडलं नव्हतं. चहा असला काय, दूध असलं काय.

नवऱ्यानं तिला समोर बसवलं. "चिमे, घरी राहायचं की भुरीकडं जायचं?"

"जायचं," चिमी म्हणाली.

"ऐकलंस?" तो मला म्हणाला.

"चिमे," मी म्हणाले, "भुरीकडं जायचं की घरी राहायचं?"

"राहायचं."

"आता ऐकलंत?"

"तू मुद्दाम उलटं विचारलंस."

"तुम्ही मुद्दाम सुलटं विचारलंत."

वन्सं उशीत तोंड घालून हसत होती. "थांबा, मी विचारते. चिमे, घरी राहायचं, भुरीकडं जायचं, की भुरीशी लगीन लावायचं?"

"लावायचं," चिमी म्हणाली आणि आम्ही तिघंही हसलो. चिमीही हसली. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की मी तिला सगळं असंच विचारत आले. ही ओढणी की ती, आता की मग, खेळायचं की झोपायचं. मला हवं असलेलं मी कायम शेवटी ठेवत असणार. मी तिला विचारते, तिच्या मनानं घेते, असं चारचौघांत सांगायचे.

त्यानंतरचे दिवस मी नुसत्या युक्त्या केल्या. काही न विचारता दारात तिची पिशवी भरून ठेवली आणि बघत बसले. तिनं पिशवीतला कंगवा काढला, केस विंचरले, कंगवा पिशवीत न ठेवता खिडकीत ठेवला. म्हणजे जायचं नाही? की खिडकी ही त्याची जागा, म्हणून? ओढ्यात तिचा हात सोडून बघितला, बघू कुठं वळते. ती उभी राहिली आणि माझा हात परत धरला. म्हणजे घरी? तिचा पाय वाळूत रुतला होता. मोठ्या गोठ्यावरून निघताना ती रोज मागं बघायची. पण ती घरून निघतानाही मागं बघते. मी एखाद्या अवघड पुस्तकासारखी तिला चाळत होते आणि पानं मला हवी तशी उलटत होती. एकदा नवरा म्हणाला, "अगं, तिला नीट चालू तरी दे. तोंडाकडं बघून बघून ठेचकाळशील." त्याच दिवशी मी ठेचकाळले.

शेवटी मी ठरवलं, नाही म्हणायचं. कळत नसेल तर आहे तसं राहू द्यावं. मालकिणीला कसं सांगायचं ते वाक्य मी तयार केलं. तुमचा हेतू चांगला आहे ताई, पण तिला घराबाहेर झोपायची सवय नाही. वाटेत पाठ केलं. "हेतू" शब्द जरा पुस्तकी वाटत होता, तो काढला, परत घातला.

*

मी ते सांगायला गेले त्या संध्याकाळी मालक फाटकातच उभे होते.

"आज पोरीला आत आणू नका," ते म्हणाले. "इथंच धरून ठेवा जरा. एक बघायचंय."

मी चिमीला घेऊन कडब्याच्या थप्पीशी थांबले. तिथून भुरी दिसत होती. लांब्यानं कास धुतली, कोरडी केली, एकेक नळी सडाला चढवली. यंत्र सुरू झालं. ठक-ठक, ठक-ठक. भुरीनं मागचा पाय उचलला. तिनं पाय खाली ठेवला, शेपूट एकदा फिरवली आणि गव्हाणीत तोंड घातलं. पारदर्शक नळीतून आधी एक थेंब घसरला, मग दुसरा, मग नळी पांढरी झाली.

चिमी बघत होती. तिचा हात माझ्या हातात होता. तो घट्ट झाला नाही, सैलही झाला नाही. तोंड किंचित उघडं. मी तिचा चेहरा बघत होते आणि ती नळी बघत होती. तिच्या मनाला लागलं असेल का? की दूध आलं एवढंच दिसलं?

"सुटलो," मालक आमच्याकडं येत म्हणाले. "दोन दिवस झाले, थोडी थोडी सोडत होती. आज पुरी सोडली. ताई, तुमच्या पोरीचे उपकार. आता नका बिचारीला दोन वेळा दमवू."

मी तयार करून आणलेलं वाक्य तोंडातच राहिलं. कुणाला त्याची गरज उरली नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी अंगाची लाही झाली. माझ्या मुलीचं काम झालं, आता ती नको. मी नाही म्हणणार होते ना, मग यांनी आधी कसं म्हटलं?

मालकीण पाण्याचा पाइप ओढत आली. मालकांकडं बघत तिनं नळ बंद केला. "म्हशीचं झालं तुमचं," ती त्याला म्हणाली. "माझं बोलणं म्हशीवर नव्हतं." मग मला, "काय ठरलं गं?"

"चल चिमे, घरी," मी म्हणाले. तिला उत्तर द्यायचं टाळून मी चिमीचा हात ओढला.

हात आला नाही. तिनं तो काढून घेतला, आणि मी बघेपर्यंत ती छपराखाली गेली होती. भुरीकडं जाईल असं मला वाटलं. ती भुरीजवळून गेली, तिच्या पाठीवरून जाता जाता हात फिरवला, पण थांबली नाही. भिंतीशी पेंडीच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. एक बादली तिनं दुमडलेल्या हाताच्या कोपरात अडकवली, चांगल्या हातानं तळाला आधार दिला आणि टोकाच्या म्हशीकडं निघाली. ती बादली सांडणार, हे मला दिसत होतं. मी धावत दोन म्हशींच्या मधून तिच्या समोर गेले आणि दोन्ही हात आडवे धरले.

"ठेव ती. आपल्याला घरी जायचंय. बाबा वाट बघतायत, धारा राहिल्यात."

चिमी थांबली. माझ्याकडं बघितलं. मग तिनं खांदा माझ्या छातीला लावला आणि रेटा दिला.

"सर," ती म्हणाली.

आडव्या आलेल्या जनावराला आम्ही असाच खांदा लावतो आणि हाच शब्द म्हणतो. त्यात राग नसतो. जनावर वाटेत आहे आणि आपल्याला पलीकडं जायचंय, एवढंच असतं. मी काही विचारलं नव्हतं. तिच्या आधी तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. तिला इथं राहायचंय, असा त्याचा अर्थ होता का? की मी नुसती वाटेत उभी होते?

मी सरले. म्हैस सरते तशी, आधी एक पाऊल, मग दुसरं. ती अंग तिरकं करून माझ्या जवळून गेली. थोडी पेंड सांडलीच. लांब्या टोकाकडून ओरडला, "या मॅनेजर, इकडं या." तिनं बादली गव्हाणीत ओतली, रिकामी परत आणली, दुसरी कोपरात अडकवली. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, परत तिच्या वाटेत येऊ नये म्हणून.

मालकीण शेजारी येऊन उभी राहिली. "धारा झाल्या की दुधाचा टेंपो तुमच्याच दारावरून जातो," ती म्हणाली. "यायचं असलं तर बसवते. नाही तर मावशीच्या खोलीत झोपेल."

"रात्री पाणी मागते ती," मी म्हणाले. "म्हणजे मागत नाही, नुसती उठून बसते."

"बरं."

"आणि कपडा वर जातो तिचा."

"खाली करीन."

आणखी पुष्कळ सांगायचं होतं. एकही आठवलं नाही. फाटकातून बाहेर आले तेव्हा थप्पीमागं जायला पाय वळले होते, पण घरून म्हशींचं रेकणं ओढ्यापलीकडून ऐकू येत होतं. की मला तसं वाटलं. मी ओढा उतरले. वाळूतून एकटीनं चालताना हात कुठं ठेवायचा ते समजेना.

नवरा दुसऱ्या म्हशीखाली बसला होता. वन्संची कंबर जरा मोकळी झालेली, ती भिंतीला धरून पारडं सोडत होती. तिनं माझ्या मागं बघितलं, मग माझ्याकडं.

"पोर कुठंय?"

"कामावर," मी म्हणाले.

मी कासंडी घेतली, तिसऱ्या म्हशीखाली बसले, कास धुवायला लागले. दोन कासंड्यांतल्या धारांचाच आवाज होता. मग पलीकडून, म्हशीच्या पोटाखालून, नवऱ्यानं विचारलं, "यायचीय कधी?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मला काही सांगितलं नाही तिनं."